शास्त्रज्ञांना शाळेत बोलवताय? शाल-श्रीफळ राहू दे, वर्षभराची जोडी करा

२३ ऑगस्टचा अंतराळ दिवस किंवा २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की विद्यापीठातल्या आणि कॉलेजातल्या फिजिक्सवाल्यांना शाळांचे फोन सुरू होतात. सर या की आमच्या शाळेत, पोरांना तासभर अवकाशावर काहीतरी सांगा. मग पहिली ते सातवी सगळी पोरं एकत्र बसवायची, प्रास्ताविक, परिचय, सत्कार यात निम्मा वेळ जातो, उरलेल्या वेळात सर बिग बँगपासून चांद्रयानापर्यंत सगळं सांगून टाकतात, पहिली-दुसरीतली पोरं माती उकरत बसतात, शेवटी आभार आणि ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात बाई 'पृथ्वीचे फिरणे' हा धडा उघडतात तेव्हा कालच्या भाषणाचा त्यात काहीच उपयोग होत नाही. सर मनापासून आलेले असतात, शाळेनेही मनापासून बोलवलेलं असतं, तरी पोरांच्या हाताला काही लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं ठाम मत आहे की शास्त्रज्ञ प्राथमिक शाळेत यायलाच पाहिजेत, पण वर्गशिक्षकाचे जोडीदार म्हणून. एक शास्त्रज्ञ, एक शिक्षक, एक वर्ग आणि वर्षात निदान चार भेटी. हे जमवायचं कसं ते लिहिते, शिक्षकांसाठी पण आणि ज्या संशोधकांना शाळेत जायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांच्यासाठी पण.

हे काही नवीन नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी असंच काम सुरू झालं, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातली माणसं खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग आणि पुस्तकं तयार करायची, आणि ते २००२ पर्यंत चाललं. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रोजेक्ट ॲस्ट्रो निघाला, त्यात एक खगोलवाला, मग तो हौशी असो की पेशाने, एका शिक्षकाशी जोडून देतात, दोघांचं ट्रेनिंग एकत्र करतात आणि किमान चार भेटी ठरलेल्या असतात. दोन्हीकडून एवढं नक्की उचला की शिक्षक आणि शास्त्रज्ञ एकत्र बसून तयारी करतात. बाकी सगळं आपल्या कोल्हापूरच्या हिशोबाने करायचं.

जोडीदार शोधायचा कुठे

शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला इस्रोच आठवतं, आणि इस्रोतला माणूस दर दोन महिन्यांनी करवीर किंवा कागल तालुक्यातल्या शाळेत येणं शक्य नाही. तशी गरजही नाही. शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आहे, तिथे एमएस्सी आणि पीएचडीची पोरंपोरी आहेत. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार विद्यापीठाच्या आवारात बसवलेलं, त्याच्यावरून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा अभ्यास झालाय, म्हणजे अवकाशाच्या उंबरठ्यावरचं विज्ञान इथे आपल्या गावात झालंय आणि आपल्या पोरांना त्याचा पत्ता नाही. पन्हाळ्यावर विद्यापीठाचं अवकाश निरीक्षण केंद्र आहे. शहरातल्या कॉलेजांत फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, रिटायर्ड झालेले तर जास्त मोकळे असतात. दुर्बीण घेऊन आकाश बघणारी हौशी मंडळी आहेत. माझ्या मते प्राथमिकसाठी सगळ्यात चांगला जोडीदार म्हणजे पीएचडी करणारी एखादी ताई, कारण पोरं तिला घाबरत नाहीत आणि मुलींना समोर दिसतं की हे काम आपल्यासारखी मुलगी पण करते.

एका शाळेला एकच जोडीदार ठेवू नका, दोघांना एकत्र घ्या. रिसर्च करणाऱ्यांच्या परीक्षा, कॉन्फरन्स, गाईडच्या मिटिंगा चालू असतात, एक नाही आला तर दुसरा येतो आणि पोरांचा विरस होत नाही.

विभागप्रमुखांना पत्र द्यायचं ते नेमकं द्या. "आमच्या शाळेस सदिच्छा भेट द्यावी" असलं लिहू नका. साधारण असं लिहा: आमचा पाचवीचा वर्ग आहे, पोरं तीसच्या आसपास, परिसर अभ्यास भाग १ मधले सूर्यमालेचे आणि पृथ्वीच्या फिरण्याचे धडे आहेत. भाषण नको आहे. वर्षात चार भेटी, प्रत्येक भेट दीड तासाची, शनिवारी सकाळी. पहिल्या भेटीत फक्त वर्ग बघायचा, शिकवायचं काही नाही. येण्याजाण्याचा खर्च शाळा देईल. एवढं स्पष्ट लिहिलं की हो म्हणणारा माणूस विचार करून हो म्हणतो आणि टिकतो.

शनिवार का, तर सकाळची शाळा असते आणि आनंददायी शनिवार या उपक्रमात हे सरळ बसतं, वेगळा तास काढायला लागत नाही. मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या म्हणजे पुढे रात्रीच्या आकाशदर्शनाला अडचण येत नाही.

पहिली बैठक फक्त दोघांची

पोरांसमोर जायच्या आधी शिक्षक आणि शास्त्रज्ञ दोन तास निवांत बसा. पाठ्यपुस्तक उघडा आणि शास्त्रज्ञाला धडा वाचायला लावा. बऱ्याच संशोधकांनी पाचवीचं पुस्तक शाळा सोडल्यापासून बघितलेलं नसतं, त्यामुळे पोरांना भागाकार किती येतो, कोन मोजता येतो का, लाख आणि कोटी कळतात का याचा त्यांना अंदाज नसतो. तो अंदाज शिक्षकाला असतो. शिक्षकाला जे अडतं, उदाहरणार्थ चंद्र दिवसा का दिसतो, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का, ते त्याने या बैठकीत विचारून घ्यायचं, अगदी लाजू नका. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, अंदाजे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाखांवर, म्हणजे थंडीत आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो. हे पहिल्यांदा ऐकून मोठी माणसं पण चमकतात आणि मग ऋतू पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे होतात हा मुद्दा खरा कळतो.

शास्त्रज्ञाने या बैठकीत तीन गोष्टी कबूल करायच्या. पीपीटी आणणार नाही. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलणार नाही. आणि माहीत नसेल तर पोरांसमोर सरळ "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणणार. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे, पोरांना वाटत असतं की सायन्सवाल्याला सगळं येतं, आणि खरा संशोधक "माहीत नाही" म्हणून पुढच्या भेटीत उत्तर शोधून आणतो तेव्हा विज्ञान कसं चालतं हे त्यांना आपोआप दिसतं.

आधी पोरांच्या डोक्यात काय आहे ते बघा

पहिल्या भेटीच्या आधी प्रत्येकाला कोरा कागद द्या. पृथ्वी काढा आणि तिच्यावर तुम्ही कुठे उभे आहात ते दाखवा. रात्र कशी होते ते चित्रात काढा. बस, काही समजावू नका, चूक-बरोबर करू नका. कुणी पृथ्वी गोल काढून माणसं आत सपाट जमिनीवर उभी करतं, कुणी सूर्य डोंगरामागे झोपवतं, कुणी ढगामागे लपवतं. जगभरात लहान पोरांवर असे अभ्यास झालेत आणि आतल्या बाजूला सपाट असलेली पोकळ पृथ्वी पुन्हा पुन्हा सापडलीय. पोरं गोल आहे असं ऐकतात, डोळ्याला सपाट दिसतं, आणि दोन्हीचा मेळ घालून स्वतःचं एक मॉडेल बनवतात, त्यामागे डोकं लावलेलं असतं. ही चित्रं शास्त्रज्ञाला दाखवा, त्याच्यावरूनच पुढच्या भेटीत काय करायचं ते ठरतं. कागद जपून ठेवा, फेब्रुवारीत परत हेच काढून घ्यायचंय.

फुटबॉलपासून सुरुवात करा

कोल्हापुरात फुटबॉल नाही असं गल्लीत घर सापडणार नाही, तोच पृथ्वी करा. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. या मापाने चंद्र टेनिस बॉलएवढा येतो. एका पोराच्या हातात फुटबॉल द्या, दुसऱ्याला टेनिस बॉल देऊन म्हणा, चंद्र पृथ्वीपासून किती लांब आहे तिथे जाऊन उभा रहा. पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला चिकटून असतो म्हणून पोरं हातभर अंतरावर थांबतात. बाकीचा वर्ग ओरडत असतो, अजून मागे, नाही पुढे, तेव्हा शास्त्रज्ञाने गप्प बसायचं. सगळ्यांनी आपापला अंदाज खडूने जमिनीवर मारला की मग टेप काढायची. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे साधारण ३० पृथ्व्या ओळीने मांडल्यावर, म्हणजे आपल्या मापाने साडेसहा मीटर. टेनिस बॉलवाला मागे मागे जात भिंतीला टेकतो आणि वर्ग एकदम शांत होतो.

मग विचारा, शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या अंतराळ स्थानकावर गेले ते कुठे असेल? आता सगळे चंद्राच्या आसपास बोट दाखवतात. ते स्थानक जमिनीपासून अंदाजे ४०० किलोमीटर वर फिरतं, म्हणजे या फुटबॉलपासून फक्त ७ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीपेक्षा कमी. इथेच पुढचा प्रश्न पोरांकडून येतोच, एवढ्या जवळ आहे तर तिथे माणसं तरंगतात कशी? तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं, स्थानक आणि माणसं दोन्ही पृथ्वीभोवती सतत पडत असतात म्हणून वजन जाणवत नाही. पाण्याच्या बाटलीला खाली भोक पाडून ती वरून सोडून द्या, पडताना धार थांबते. हा प्रयोग शास्त्रज्ञाने करायचा आणि कारण पोरांकडून काढायचं, घाईने सांगून टाकायचं नाही.

याच मापाने सूर्य २४ मीटर व्यासाचा होतो आणि अडीच किलोमीटरवर जातो. शाळेपासून अडीच किलोमीटरवर काय येतं ते पोरांनाच विचारा, ती बरोबर सांगतात.

पूर्ण सूर्यमाला मांडायची असेल तर माप छोटं करा. १ मिलिमीटरची मोहरी म्हणजे पृथ्वी, सूर्य ११ सेंटीमीटरचा कागदाचा गोळा, दोघांत पावणेबारा मीटर. गुरू छोट्या गोटीएवढा, ६१ मीटरवर. नेपच्यून साडेतीनशे मीटरवर, म्हणजे शाळेच्या गेटबाहेर रस्त्यावर कुठेतरी, तिथे एक पोरगं आणि एक शिक्षक पाठवायचे. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? तो ३ हजार १५० किलोमीटरवर. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३ हजार २१४ किलोमीटर, हे पोरांना भूगोलात येतंच, नकाशावर हात फिरवून दाखवा.

पावसात आत बसून करायचं

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश दिसणं अवघडच, तेवढ्यात आतले खेळ उरकायचे. दिवस-रात्रीसाठी मध्ये एक बल्ब लावा, बाकी अंधार. प्रत्येक पोराचं डोकं म्हणजे पृथ्वी, नाक म्हणजे कोल्हापूर. दोन्ही हात बाजूला पसरायचे, डावा हात पूर्व, उजवा हात पश्चिम. बल्बकडे तोंड केलं की दुपार. आता हळूहळू डावीकडे वळा. बल्ब उजव्या हाताकडे सरकत जातो आणि दिसेनासा होतो, सूर्यास्त झाला. अजून वळत राहा, डाव्या हाताकडून परत उगवतो. सूर्य जागेवरच, फिरलं आपलं नाक, हे अंगानेच कळतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही खगोलाच्या शिकवणीत हातवारे आणि हालचाल कशी वापरायची यावर अभ्यास झालाय.

आणि जून म्हटल्यावर मृग आलाच. शाळा उघडते तेव्हा घरोघरी मृगाच्या पावसाची आणि पेरणीची चर्चा चालू असते. शास्त्रज्ञाने इथे पोरांना घरून प्रश्न आणायला सांगायचं, आजोबा म्हणतात मृग लागला, तर रात्री मृग नक्षत्र दाखवा. आजोबा दाखवू शकत नाहीत, कारण मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आलेला असतो आणि ते तारे सूर्याबरोबर दिवसा आकाशात असतात. तेच नक्षत्र जानेवारीत संध्याकाळी आठला पूर्वेकडे झकास दिसतं. हा धागा जूनमध्ये सोडून द्या, उत्तर जानेवारीत डोळ्यांनी बघायचं. सहा महिने एक प्रश्न डोक्यात ठेवणं पोरांना छान जमतं, आपणच घाई करतो.

नोव्हेंबरमध्ये किरणोत्सव

आपल्याकडे खगोलशास्त्राचा एवढा मोठा धडा चालू असतो आणि आपण तो शाळेत वापरत नाही. अंबाबाईच्या मंदिरात परंपरेने ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. या दोन तारखाच का? दिवस मोजायला लावा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२ दिवस. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाताना एका जागी मावळतो आणि परत येताना त्याच जागी मावळतो. ती जागा बरोबर पश्चिमेला नसते, पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला असते.

हे शाळेच्या गच्चीवरून पोरांनी स्वतः शोधायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पश्चिमेचं क्षितिज एका लांब कागदावर काढून घ्या, पाण्याची टाकी, नारळाची झाडं, मोबाईल टॉवर, डोंगर, जे काय दिसतं ते. आठवड्यातून एकदा सूर्य कुठे टेकला तिथे तारीख लिहायची. गच्चीवर पोरांना एकटं सोडायचं नाही, एक मोठा माणूस पाहिजेच, आणि सूर्य अगदी तांबडा होऊन टेकेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. हात सरळ ताणून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, त्यामुळे मुठींनी अंतर मोजता येतं. जूनच्या टोकापासून डिसेंबरच्या टोकापर्यंत मावळतीची जागा जवळजवळ ४९ अंश, म्हणजे पाच मुठी सरकते. पण १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या सहा आठवड्यांत ती फक्त साडेसहा अंश पुढे जाते, शेवटी शेवटी तर हलतच नाही असं वाटतं. पोरं कागद बघून विचारतात, बाई सूर्य थांबला का? तेव्हा शास्त्रज्ञाची भेट ठरवा.

जमलं तर खिद्रापूरची सहल काढा, शिरोळ तालुक्यातच आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वर १३ फुटांचं गोल उघडं छत आहे आणि त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्याच्या वर येतो. त्या काळात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २२ अंशांवर असतो, पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर म्हणून तो उत्तरेला साधारण तेवढाच असतो, आणि खिद्रापूरचं अक्षांशही साडेसोळाच्या पुढेमागे, म्हणून डोक्यावर. १२ व्या शतकातलं मंदिर आणि पृथ्वीगोल शेजारी ठेवून शिकवायला एवढी चांगली जागा दुसरी नाही.

काठी आणि सावली

एक मीटरची सरळ काठी, ओळंब्याने उभी केलेली, खाली सपाट फरशी. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, कुणी ओळखीचं असेल तर बूड जड असलेला लोखंडी दांडा करून देतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. दुपारी बाराच्या आधीपासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची, सगळ्यात छोटी सावली ती माध्यान्हाची, आणि ती बरोबर उत्तर-दक्षिण दाखवते.

ती बाराला येत नाही हे पोरांना लगेच दिसतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेने चालतं आणि कोल्हापूर ७४ च्या थोडं पुढे, एका अंशाला चार मिनिटं धरली तर अर्ध्या तासाच्या वर फरक. त्यात वर्षभरात आणखी थोडं मागेपुढे होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ ला येतं तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ ला.

माध्यान्हाची सावली २१ डिसेंबरच्या सुमारास ८४ सेंटीमीटर भरते, २१ मार्चला ३० सेंटीमीटर. ७ मेच्या सुमारास शून्य, पण तेव्हा सुट्टी असते, तरी पोरांना घरी बघायला सांगा. त्यानंतर ऑगस्टच्या ५-६ तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखाद्या दुपारी ऊन पडलं तर सगळं सोडून काठी बाहेर काढा.

इथे एक नाजूक गोष्ट. पोरं म्हणणार, उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं, घरी तसंच सांगतात. पण काठी सांगते की सावली २२ डिसेंबरनंतरच कमी व्हायला लागली. शास्त्रज्ञाने घरच्यांना खोडून काढायला जाऊ नये. मापं फळ्यावर लिहा आणि पोरांना बघू द्या, कधीकाळी संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी यायचं, शेकडो वर्षांत पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलल्याने अंतर पडलं, एवढं सांगितलं तरी पुरतं. घरी जाऊन आजीला सांगताना पोराची मान ताठ राहिली पाहिजे आणि आजीचा अपमानही झाला नाही पाहिजे.

चंद्र सकाळी शिकवा

चंद्राच्या कलांवर सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो. भल्याभल्या शिक्षकांचाही असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच्यावर अगदी साधा उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी जो शनिवार येतो त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास चंद्र पश्चिमेला निळ्या आकाशात असतो आणि सूर्य पूर्वेला वर आलेला असतो. पोरांना ग्राऊंडवर उन्हात उभं करा, पेन्सिलला खोचलेला थर्माकोलचा पांढरा गोळा द्या आणि हात लांब करून तो चंद्राच्या अगदी शेजारी धरायला सांगा. गोळ्याचा जेवढा भाग उजळलेला दिसतो तेवढाच चंद्राचा दिसतो, तोच आकार, तोच कल. पोरं एक डोळा मिटून बघतात, गोळा हलवतात, परत बघतात, शेजाऱ्याला ओढून दाखवतात. मग फक्त एक प्रश्न विचारायचा, सूर्य तिकडे, चंद्र इकडे, दोन्ही दिसतायत, मग पृथ्वीची सावली चंद्रावर पडली कुठून? त्यानंतर वर्गात बल्ब लावून गोळा डोक्याभोवती फिरवला की अमावस्या ते पौर्णिमा सगळं दहा मिनिटांत होतं.

सूर्य बघताना

दुर्बिणीतून किंवा उघड्या डोळ्याने सूर्याकडे बघायचं नाही, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच हे सगळं बंद. छोटा सपाट आरसा घ्या, त्यावर पाऊण सेंटीमीटरचं भोक पाडलेला काळा कागद चिकटवा आणि बाहेरच्या उन्हातून कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडा. २० मीटर अंतरावर सूर्याची साडेअठरा सेंटीमीटरची गोल प्रतिमा येते. अंतर भागिले प्रतिमेचा व्यास केलं की १०८ च्या आसपास आकडा येतो, आणि सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे हे माहीत असलं की सूर्याचा व्यास पोरंच काढतात, १४ लाख किलोमीटरच्या जवळ. कवडसा कुणाच्या डोळ्यावर मारायचा नाही हे आधी दटावून सांगा.

रात्रीचं आकाश

एकच रात्र करा पण नीट करा. जानेवारी चांगला, अमावस्येच्या आसपासचा शनिवार, संध्याकाळी सात ते नऊ. पालकांची लेखी संमती, घ्यायला-सोडायला पालक स्वतः, एक तरी शिक्षिका हजर, ग्राऊंडवरचे दिवे बंद करायला ग्रामपंचायतीला आधी विनंती. दुर्बीण असली तर चांगलंच, पण तिच्यापुढे लांब रांग लागते आणि बाकीची पोरं पळापळ करतात, म्हणून अर्धा वर्ग दुर्बिणीपाशी आणि अर्धा चटईवर उताणा. १० बाय ५० ची साधी द्विनेत्री कृत्तिकांसाठी दुर्बिणीपेक्षा भारी पडते.

मृगाच्या पोटातले तीन तारे आधी दाखवा, ती रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. जूनचा प्रश्न इथे परत काढा. उत्तरेला ध्रुव शोधा, तो क्षितिजापासून दीड मूठ वर, साधारण साडेसोळा-सतरा अंश, म्हणजे कोल्हापूरचं अक्षांश. दक्षिणेला अगस्त्य. ग्रह त्या दिवशी कुठे आहेत ते स्टेलॅरियम या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आदल्या दिवशी बघून ठेवा. पालकांनाही चटईवर बसवा, नक्षत्रांची गावाकडची नावं त्यांनाच जास्त माहीत असतात.

फेब्रुवारीत आणि पुढे

पहिल्यांदा काढलेली चित्रं परत काढून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून शिक्षक आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बघा. काही पोरं अजून पोकळ पृथ्वीच काढतील, ठीक आहे, पुढच्या वर्षी सहावीत परत संधी आहे. कुठला खेळ उपयोगी पडला, कुठे वेळ वाया गेला ते त्याच बैठकीत लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोघांनी मिळून पंधरा मिनिटं मांडा, आणि मांडताना फुटबॉल घेऊन जा, बाकीच्या शिक्षकांनाही चंद्र कुठे ते विचारा.

बदल्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. शिक्षकाची बदली होणारच, पीएचडीवाली ताई पण दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे जाणार. म्हणून सगळं शाळेच्या नावाने ठेवायचं. क्षितिजाचा कागद, सावलीची मापं तारखेसकट, पोरांची चित्रं, विद्यापीठाला दिलेलं पत्र, सगळं एका फाईलमध्ये मुख्याध्यापकांच्या कपाटात. काठी, गोळे, आरसा एका पेटीत. विद्यापीठाच्या बाजूनेही जाणाऱ्या विद्यार्थ्याने पुढच्याला एका भेटीला बरोबर आणून पोरांशी ओळख करून द्यायची. आणि जूनमध्ये नवीन पाचवी आली की गेल्या वर्षीच्या पोरांना सहावीतून अर्धा तास बोलवा, काठी कशी उभी करायची ते नवीन पोरांना त्यांनाच शिकवू दे.